जास्तीचा एक ‘बी’ आणि माझी रॅमडिस्क

आजोबांच्या कीर्तनाच्या अकरा वह्या आत्याच्या माळ्यावर सापडल्या आणि काकांनी फर्मान काढलं की रविवारी सगळे इंदूरला जमतायत, तोवर सगळ्या स्कॅन करून पेनड्राइव्हवर पाहिजेत. काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण घरातला कॉम्प्युटरवाला मी.

कॉम्प्युटर माझा जुना आहे, रॅम १६ जीबी पण डिस्क अजून तीच फिरणारी, वर उबुंटू लिनक्स. ए४ पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की कॉम्प्रेस न करता सुमारे १०० एमबी होतं, आणि स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर ते आधी टेम्पररी फोल्डरमध्ये टाकणार, मग परत वाचून सरळ करणार, परत लिहिणार. प्रत्येक पानाला डिस्क कर्रर्र करत बसायची आणि मी चहा पीत बसायचो. म्हणून डोक्यात आलं की टेम्पररी फोल्डर रॅममध्येच करावं, म्हणजे रॅमडिस्क. लिनक्समध्ये त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही, टीएमपीएफएस, म्हणजे फाइली रॅममध्ये ठेवणारी फाइलसिस्टिम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असतेच (विंडोजवाल्यांना वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं). एक रिकामं फोल्डर केलं, सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) माउंट केलं म्हणजे सिस्टिमला जोडलं, प्रकार टीएमपीएफएस, साइज ४जी, सॉफ्टवेअरला नवीन फोल्डर दाखवलं, झालं. दोन मिनिटं. कर्रर्र बंद. मी एकदम खूश, हिला बोलावून दाखवलं, ती म्हणाली आवाजच येत नाहीये, चालू आहे ना?

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण असं हाताने केलेलं माउंट रीस्टार्टनंतर राहत नाही, ते कायमचं करायचं तर ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी) एक ओळ लिहावी लागते. लिहिली, सेव्ह केली, रीस्टार्ट मारला. रात्रीचे सव्वाअकरा.

काळी स्क्रीन. त्यावर लिहिलेलं की तुम्ही इमर्जन्सी मोडमध्ये आहात, लॉग बघायचे तर जर्नलसीटीएल चालवा, मेंटेनन्ससाठी एंटर दाबा. पहिला विचार हाच की डिस्क गेली, कारण ती इतके दिवस कुरकुरत होतीच, आणि आधीच्या चार वह्यांचे स्कॅन तिच्यावरच. घाम फुटला. लॉग उघडला तर शेकडो ओळी, त्यात लाल दिसल्या त्या एसीपीआय (वीज सांभाळणारी व्यवस्था) आणि बायोसच्या (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम), मी अर्धा तास त्याच्यातच अडकलो, एकदा तर बायोसमध्ये जाऊन सेटिंगसुद्धा बदलून आलो. नंतर कळलं की त्या ओळी माझ्या मशीनवर रोजच येतात, चांगलं चालू असताना पण, फक्त आपण कधी बघत नाही. मग एफएसटॅबमधल्या दुसऱ्या पार्टिशनच्या (डिस्कच्या दुसऱ्या भागाच्या) ओळीवर संशय, तिच्यापुढे हॅश (#) लावून ती बंद केली, रीस्टार्ट, परत तेच. तीन वेळा. माझ्या स्वतःच्या ओळीवर संशय मात्र एकदाही आला नाही, कारण ती तर संध्याकाळी चालली होती ना!

शेवटी मोबाईलने लॉगच्या स्क्रीनचा फोटो काढून भाच्याला पाठवला. तो मित्रांबरोबर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, फोन उचलला तर मागे नुसता कल्ला. म्हणाला, मामा थांब, गराडू (तळलेला कंद) खातोय, हात चिकट आहेत. मग दोन मिनिटांनी, “मामा, फोटोत खाली बघ, टीएमपीएफएस, बॅड व्हॅल्यू फॉर साइज. काय लिहिलंयस साइजमध्ये?”

“चार जीबी.”

“जीबी? बी कशाला लिहिलास?”

संध्याकाळी हाताने लिहिताना ४जी लिहिलं होतं आणि फाइलमध्ये सवयीने ४जीबी. टीएमपीएफएसला आकड्यापुढे के, एम, जी असं एकच अक्षर चालतं, पुढे बी दिसला की ती साइजच मान्य करत नाही, माउंट फेल, आणि एफएसटॅबमधलं लोकल माउंट फेल झालं की सिस्टिम बूट म्हणजे सुरू होणंच थांबवते. एका अक्षरासाठी! अरे, निदान पहिल्याच स्क्रीनवर सांगा ना कुठल्या ओळीत अडलं ते. बी काढला, हॅश काढला, रीस्टार्ट, लॉगिन आलं. पावणेएक वाजला होता.

तर एफएसटॅबमध्ये काहीही लिहिलं की रीस्टार्टच्या आधी सुडो माउंट डॅश ए चालवायचं, चूक असली तर बहुतेक वेळा तिथेच ओरडतं. आणि अशा ओळीत नोफेल हा ऑप्शन टाकायचा, म्हणजे ती फसली तरी बूट पुढे जातं. मी आता दोन्ही करतो.

हां, साइज ४जी लिहिली म्हणजे लगेच ४ जीबी अडकत नाही, जेवढं भरेल तेवढीच रॅम जाते. साइज दिलीच नाही तर मर्यादा निम्म्या रॅमची, म्हणजे माझ्याकडे ८. पण मोह नको, रॅम कमी पडली की तेच सगळं स्वॅपमध्ये म्हणजे परत डिस्कवर जातं, मग काय उपयोग. आणि नुसतं करूनच बघायचं असेल तर डेव्हमध्ये एसएचएम नावाचं फोल्डर आधीपासून टीएमपीएफएसच असतं, त्यात फाइल टाकून बघा.

एक सांगायचं राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. तयार पानं रॅमडिस्कवर ठेवू नका, वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. मी शहाणपणा करून आउटपुट फोल्डरही तिथेच ठेवलं, शुक्रवारी दुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, सतरा पानं गेली. परत स्कॅन केली, सातव्या वहीतली, तेलाचे डाग असलेली, प्रत्येक पान हळूच उलटायचं.

रविवारी काकांनी पेनड्राइव्ह हातात घेऊन विचारलं, केवढा आहे रे हा? मी म्हटलं, चौसष्ट जी.