दोनदा फिरलं की शून्य

शनिवार, रात्री उशिरा.

आज प्रोजेक्टिव्ह प्लेन नावाच्या पिळलेल्या पृष्ठभागाची होमोलॉजी (म्हणजे त्यातल्या भोकांचा बीजगणिती हिशोब) स्वतः कागदावर काढली आणि आता डोळ्याला डोळा लागत नाहीये, म्हणून लिहूनच ठेवते.

एनपीटेल या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवर आयआयटी मुंबईच्या अनंत शास्त्री सरांचा अल्जिब्राइक टॉपॉलॉजीचा (बीजगणिताने आकार ओळखायच्या विषयाचा) कोर्स करतेय, ऑफिस सांभाळून. एरवी कुठलाही व्हिडिओ मी दीडपट स्पीडला बघते, पण हा बघताना दर दोन मिनिटांनी पॉज करून वही ओढावी लागते आणि मला तेच आवडतंय.

तर प्रोजेक्टिव्ह प्लेन. एक चौकोन घ्यायचा आणि समोरासमोरच्या कडा पीळ देऊन, उलट्या दिशेने चिकटवायच्या. खऱ्या कागदाने हे जमतच नाही, आपल्या तीन मितींत स्वतःला न छेदता ते मावत नाही, पण हिशोबाला डिंक लागत नाही! कडा दोन उरतात, अ आणि ब, आणि चार कोपऱ्यांचे दोन बिंदू होतात. आता चौकोनाच्या कडेकडेने एक फेरी मारली की अ, ब, परत अ, परत ब, म्हणजे चौकोनाची बाउंडरी (सीमा) आली २(अ+ब). टोरसला, म्हणजे मेदूवड्यासारख्या पृष्ठभागाला, हेच केलं की अ, ब, उलटा अ, उलटा ब, सगळं कटून शून्य. इथे काहीच कटत नाही. अ+ब हा बंद रस्ता आहे, त्यावरून एकदा गेलात तर तो कशाचीच बाउंडरी नाही, दोनदा गेलात की अख्ख्या चौकोनाची बाउंडरी, आणि होमोलॉजीत बाउंडरी शून्यच धरतात, म्हणून शून्य. अशा बंद रस्त्यांची बेरीज-वजाबाकी जिथे होते त्या पहिल्या होमोलॉजी ग्रुपमध्ये फक्त दोन घटक. उत्तर आधी वाचलेलं होतं, पण तो २ येतो कुठून हे पेन्सिलीने बाण काढताना दिसलं आणि मी खरंच उठून घरात एक चक्कर मारली.

मग बेटी नंबर (सुटे तुकडे, भोकं, पोकळ्या किती ते मोजणारे आकडे) लिहिले: १, ०, ०. एका सुट्या बिंदूचेसुद्धा हेच! नुसतं मोजत बसलं तर हा एवढा पिळलेला पृष्ठभाग आणि एक ठिपका यात फरकच नाही. प्वांकारेने १८९५ च्या पेपरनंतरच्या पुरवण्यांमध्ये टॉर्शनचे (काही वेळा फिरलं की शून्य होणाऱ्या अशा रस्त्यांचे) आकडे घेतले ते यासाठीच, पण तेही आकडेच. १९२० च्या दशकात गटिंगेनला एमी नोएदर म्हणाली की आकडे कशाला, सरळ ग्रुपच बघा. मला वाटतं या विषयातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच, कारण ग्रुप घेतले की मॅपही, म्हणजे एका आकारातून दुसऱ्यात नेणारे नियमही, सोबत येतात. भरीव चकती तिच्या कडेच्या वर्तुळावर, कड जागच्या जागी ठेवून, न फाडता ओढता येत नाही, याचं प्रूफ दोन ओळींत होतं: वर्तुळाचा पहिला ग्रुप पूर्णांकांचा, चकतीचा शून्य, म्हणजे पूर्णांकांच्या ग्रुपमधून शून्यात जायचं आणि तिथून जसंच्या तसं परत यायचं, कसं येणार? ब्राउवरचं फिक्स्ड पॉइंट थिअरम (चकती न फाडता तिच्यातच कशीही हलवली तरी निदान एक बिंदू जागच्या जागी राहतो) यातूनच निघतं. आकड्यांच्या यादीतून हे कधीच निघालं नसतं.

आता क्लाइन बॉटल, म्हणजे चौकोनाच्या कडांची एकच जोडी पीळ देऊन चिकटवली की होते ती. अ, ब, अ, उलटा ब, म्हणजे बाउंडरी २अ, ब मोकळा. पण कोएफिशंट (कडांपुढचे आकडे) मॉड २ घेतले, म्हणजे २ ने भागून उरणारी बाकीच धरली, तर तो २ च शून्य होतो आणि क्लाइन बॉटल आणि टोरस दोघांचे ग्रुप सारखेच दिसायला लागतात. हे उद्या सकाळी नीट, पायरी पायरीने लिहून काढायचंय.