आमची वाटचाल: जेलरोड, जून २०१३

इंदूरच्या जेलरोडला गेमची मशिनं दुरुस्त करायचं दुकान घातलं २००४ साली. तेव्हा सोनीच्या पीएस-टूचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलचं, राज्य होतं आणि आमचं पोट तिच्या डिस्क वाचणाऱ्या लेन्सच्या दुरुस्तीवर चालायचं. मी आणि माझा मावसभाऊ, दोन संसार एका लेन्सवर. नंतर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्या तीन लाल दिव्यांनी (मशीन बंद पडल्याची खूण) आम्हाला हॉट एअर, म्हणजे गरम हवेनं आतले सांधे पुन्हा जोडणं, शिकवलं. मायक्रोसॉफ्टनं जुलै २००७मध्ये त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली, त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पण बाहेरून आलेल्या मालाला कसली वॉरंटी? ती मशिनं आमच्या टेबलावर. टी-आठ, टी-दहाचे टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाचे पेचकस), एक्स-क्लॅम्प (आतली पकड) काढायचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर, थर्मल पेस्टची सिरिंज. तो ड्रॉवर आजही मी कुणाला उघडू देत नाही. गरम करून उठवलेलं मशीन चार-सहा महिन्यांत परत झोपतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगत असे. समोरचा दुकानदार सांगत नसे.

पुढे मावसभाऊ पुण्याला गेला, मी गेमच्या जुन्या डिस्कच्या अदलाबदलीत पडलो. चार वर्षं बरी गेली.

मग ६ जून २०१३. नव्या एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर झाले: मशीन चोवीस तासांत एकदा इंटरनेटला जोडलंच पाहिजे, आणि जुना गेम दुकानात देता येईल की नाही ते गेमची कंपनी ठरवणार. कन्सोल तोट्यात नाहीतर काठावर विकायचा आणि गेमवर कमवायचं, हा या धंद्याचा जुना हिशेब. डिस्क हातोहात फिरली की कंपनीला छदामही मिळत नाही, म्हणून आमच्यासारख्यांवर डोळा. मला वाटलं, आज हा, उद्या सोनी. माझ्याकडे ६४० डिस्क, सरासरी साडेचारशेला घेतलेल्या. रात्री झोप नाही.

११ जूनला दुपारी समोरचा आला. चहा मागवला, तोही माझ्याच नावावर. म्हणाला, "भिया, ये तो अब रद्दी है. नब्बे-नब्बे में सब उठा लूँ?" मी दिल्या. पोती त्याच्या पोरांनी उचलली. त्याच दिवशी सकाळी, आपल्याकडे साडेसहाला सुरू झालेल्या कार्यक्रमात, सोनीनं अमेरिकेतल्या मंचावरून सांगितलं होतं की पीएस-फोरवर जुन्या डिस्क पूर्वीसारख्याच चालतील, आणि किंमतही एक्सबॉक्सपेक्षा शंभर डॉलरनं कमी. त्यानं ते पाहिलं होतं. मी झोपलो होतो. १९ जूनला मायक्रोसॉफ्टनंही नियम मागे घेतले. ६ ते १९, बरोबर तेरा दिवस. आमच्यात तेराव्याला काय करतात ते सांगायला नको. त्याच डिस्क समोर सहाशेला लागल्या होत्या.

दुकानाचं भाडं दोन महिने थकलं. तेव्हा रामबागेतले एक काका आले. बँकेतून निवृत्त, नातवाबरोबर कन्सोलवर फुटबॉलचा गेम खेळायचे, दर महिन्याला एक डिस्क बदलून न्यायचे. भाजीच्या पिशवीतून स्वतःच्या बेचाळीस डिस्क काढून काउंटरवर ठेवल्या. "विक. हिशेब दिवाळीला." हिशेब केला तर पैसे घेईनात, दरवर्षी नवा फुटबॉल आला की पहिली डिस्क त्यांची, एवढंच. ते आजही चालू आहे, नातू नोकरीला लागला तरी.

कुणी विचारलं नाही, तरी नव्या पोरांना सांगतो: कंपनीच्या घोषणेच्या आठवड्यात माल विकू नका आणि भरूही नका. एकाच कन्सोलवर दुकान उभं करू नका. कंट्रोलर दुरुस्त करायला शिका, ते सगळ्यांचेच बिघडतात.

ज्याची भीती होती ते शेवटी आलंच, फक्त दबक्या पावलांनी. २०२०चा एक्सबॉक्स सिरीज एस डिस्कच घेत नाही. २०२४चा सोनीचा पीएस-फाइव्ह प्रो डिस्क ड्राइव्हशिवाय येतो, ती वेगळी घ्या. मी आता दुरुस्तीवर आहे. समोरचा मोबाइलची कव्हरं विकतो. त्याच्या खालच्या फळीवर अजून पंधरा-वीस डिस्क पडून आहेत, त्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या आहेत.