बारापेडे आणि दोरांचा हिशेब

आज खानापुरात आमच्या गुहाभ्रमण मंडळांच्या संघाची बैठक झाली. वर्गणी आणि दोरांचा हिशेब अर्ध्या तासात आटोपला (दोन हेल्मेटे कोणाकडे राहिली, हे मात्र अजून कोणी कबूल करत नाही); उरलेला सारा वेळ गेला तो भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांवर. १९१३ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेले रॉटनचे दुर्मीळ वटवाघूळ ज्या गुहांत राहते, तेथे वनखात्याची परवानगी मिळाली तरी माणसांचे जथे आणि विजेऱ्यांचे झोत नेऊ नयेत, असे मी आग्रहाने मांडले, कारण वारंवार विश्रांती मोडली तर वटवाघळे आपले ठिकाण सोडून जाऊ शकतात. तरुण सभासद नाराज झाले, एका मंडळाने तर वर्गणी थांबवण्याची भाषा केली. तरीही मोहिमांच्या यादीतून बारापेडे वगळल्याचा ठराव मी इतिवृत्तात लिहिला.