एवढी तुरट, आणि तुम्ही हिला चांगली म्हणता?

वाइन टेस्टिंगमध्ये फ्रान्समधल्या बोर्दोची तरुण रेड ओतली की कुणीतरी विचारतंच, "तोंड पार आवळून आलं, आणि तुम्ही हिला चांगली म्हणता?" तिथे घाईत दोन वाक्यांत उत्तर देतो. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

तुरटपणा हा दोष नव्हेच. द्राक्षाच्या सालीतलं, बियांतलं आणि ओकच्या पिंपातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. लाळेचा ओशटपणा जातो आणि जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ खरखरीत होते. बोर्दोत जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, मेदॉक भागात, काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचा भर. मणी बारीक, साल जाड, त्यामुळे टॅनिन भरपूर. मऊपणासाठी मर्लो ही दुसरी जात घालतात. शिवाय मर्लो आधी पिकते, काबर्ने उशिरा. एकीला पावसाने गाठलं तर दुसरी तारून नेते. ब्लेंडमागे चवीइतकाच हा शेतकरी हिशेब आहे.

आता समजा, तीन वर्षांची मेदॉक समोर आहे. रंगावर मी रेंगाळत नाही. कड जांभळट दिसली की वय कळतं, बाकी काही नाही. वासात ढोबळी मिरची शोधतो. जराशी असेल तर ती काबर्नेची खूणच, पण दुसरं काही जाणवतच नसेल तर द्राक्ष कच्चं तोडलंय. ओकचा व्हॅनिलासारखा, भाजका वास या वयात पुढे पुढे करतोच. त्याचे मी गुण देत नाही, कापतही नाही.

खरी परीक्षा घोटात. तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि गप्प बसायचं. तुरटपणा हिरड्यांवर सगळीकडे सारखा, बारीक पसरलाय आणि त्याच्याखाली काळ्या फळाची चव अजून टिकून आहे? मग वाइनमध्ये दम आहे. पण फळ मध्येच गायब, आणि जिभेच्या मुळाशी नुसता कडवटपणा उरला, तर मी वहीत फुली मारतो. वर्षं जातात तसं टॅनिन आपसांत आणि रंगद्रव्यांशी जोडलं जातं, मवाळ होतं, काही गाळ होऊन तळाशी बसतं. फळ मात्र मागाहून येत नाही, उलट ओसरतंच. १९७५च्या कितीतरी बोर्दो अशाच कडक राहिल्या आणि टॅनिन उतरायच्या आत फळ सुकलं. उलट, १९८२च्या बाटल्या फारच मऊ, टिकायच्या नाहीत असं काही जाणकार म्हणत होते. अमेरिकेच्या वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करने तेव्हाच त्यांना उचलून धरलं, आणि त्या वर्षीच्या नामांकित बाटल्या पुढे दशकानुदशकं टिकल्या.

शंका राहिलीच तर अर्धी बाटली बूच लावून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखतो. फळ वर आलं असेल तर बरं, पडलं असेल तर आशा सोडायची. ही काही दहा वर्षांची रंगीत तालीम नव्हे, पण अंदाज येतो.

बोर्दोत तर हा अंदाज सुगीनंतरच्या वसंतातच बांधतात, वाइन पिंपात असतानाच. त्या पिंपाच्या नमुन्यांवरून भाव ठरतात, बाटली हातात येते दीड-दोन वर्षांनी. ओळीने पंचवीस-तीस नमुने झाले की दात काळे पडतात आणि जीभ काहीच सांगेनाशी होते. म्हणून चाखण्याच्या त्या आठवड्यात दिलेल्या गुणांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

"मग आमची बाटली ठेवू की पिऊ?" पिऊन टाका. तिला वर्षानुवर्षं बारा-तेरा अंश लागतात, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये कपाटावर ठेवलेली वाइन मुरत नाही, शिजते. दोन तास आधी जगमध्ये ओता, प्यायच्या आधी जग वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. सोबत मटण सुकं असू द्या, मांसातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला आवरतात. पण तिखट बेताचंच. तांबडा रस्सा असेल तर सरळ बिअर काढा.