अठ्ठ्याण्णव, बावीस

परवा दुपारी आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये गेले होते. काउंटरवरच्या पोरानं बिलासाठी नंबर विचारला. मी सुरू केलं, "अठ्ठ्याण्णव, बावीस..." तर त्याचा हात जागच्या जागी थांबला. "काकू, इंग्लिशमध्ये सांगा ना." बरं बाबा. मग नाइन एट टू टू करत निघाले आणि सहाव्या आकड्यावर अडकले, परत पहिल्यापासून, परत तिथंच. शेवटी मनात मराठीत म्हणून एकेक जोडी फोडून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं वाचून दाखवला. पाच आकडे, एक श्वास, मग पाच आकडे. मी ठामपणे म्हणाले, "नाही, हा माझा नंबर नाही." तेवढ्यात पर्समध्ये टुण्ण झालं. बिलाचा मेसेज. मागचे आजोबा हसले.

घरी येऊन कॉन्टॅक्ट उघडले तर सगळे नंबर तसेच. +९१, मग पाचाचा डबा, मग पाचाचा डबा, रेल्वेच्या रेकसारखे. इतकी वर्षं हे असंच होतं आणि मला दिसलंच नव्हतं, कारण हल्ली नंबर बघतो कोण, नाव दाबलं की झालं. म्हटलं निदान आपला तरी आपल्यासारखा करून ठेवू. एडिटमध्ये जाऊन दर दोन आकड्यांनंतर स्पेस दिली, सेव्ह केलं, फोननं परत पाच-पाच करून ठेवलं. डॅश दिले, डॅश खाल्ले. सेटिंगमध्ये शोधलं तर आडनाव आधी हवं की नाव हे विचारतोय, यादी कशी लावू विचारतोय, नंबर कुठे तोडू हे विचारायची मात्र पद्धत नाही.

लेक इंजिनिअरिंगला आहे, तिला विचारलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे गूगलची लिबफोननंबर नावाची एक लायब्ररी आहे, म्हणजे फोनवाल्यांना वापरायला तयार कोड, तिच्यात देशोदेशीचे नियम भरून ठेवलेत, कुठल्या देशाचा नंबर कसा तोडायचा ते, आणि भारताचा मोबाइल म्हणजे पाच आणि पाच. विषय संपला. "पण आई, तू हे का करतीयेस?" याला काय उत्तर देणार.

दादाच्या बाबतीत तर अजून मजा झालेली. तो न्यू जर्सीला गेला तेव्हा नवा फोन घेतला आणि आईचा नंबर घाईत +९१ न लावता टाकला. फोनचा रीजन अमेरिका, त्यामुळे त्यानं इमानदारीत पहिले तीन आकडे कंसात घातले, मग तीन, मग एक डॅश, मग चार. आई एकदम टेक्सासची वगैरे वाटायला लागली. फोन लागेना, व्हॉट्सअ‍ॅपवर दिसेना, आणि इकडे आई म्हणतेय पोहोचला की नाही काही कळवलं नाही हो यानं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नंबर हा आकडा नसतोच, ती चाल असते. आमच्याकडे १९८९ ला फोन आला. त्याआधी बाबांच्या कार्डावर खालच्या जोशीकाकूंचा नंबर, पुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतील, आणि फोन आला की काकू जिन्यातून हाक मारायच्या आणि आई हात पुसत, पदर सावरत, चपला न घालता खाली पळायची. काकू बिचाऱ्या टीव्हीचा आवाज कमी करायच्या, पण खोलीतून बाहेर जायच्या नाहीत. त्यामुळे आमच्या घरात काय चाललंय हे आमच्या आधी त्यांना माहीत असायचं. मावशीचं लग्न ठरल्याचं पण त्यांनीच आम्हाला सांगितलं, जिन्यातच.

मग आमचा स्वतःचा आला, काळा, जड, फिरवायचा. सहा आकडी नंबर. बाबा रिसीव्हर उचलून हॅलो म्हणायचे नाहीत, नंबरच म्हणायचे, "तेहेतीस" पासून सुरू करून तीन जोड्या, शेवटच्या जोडीवर किंचित हेल. पाहुण्यांसमोर तर अजूनच. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता. पुढे तो ०२० झाला आणि आमच्या नंबराच्या आधी एक चार येऊन बसला. सात आकडे! चार, तेहेतीस, आणि पुढचं. तो चार आगंतुकासारखा दारात उभा, कुठल्याच जोडीत बसेना. बाबांना ते अजिबात आवडलं नव्हतं, काही वर्षं ते चार म्हणून जरा थांबायचे, मग पुढे जायचे. मग २००२-०३ च्या सुमारास पुण्यातल्या सगळ्याच नंबरांच्या आधी दोन लागला. चारचं झालं चोवीस. चोवीस, तेहेतीस. बाबा इतके खूश झाले की त्या रविवारी टेलिफोनची डायरी आणि लाल पेन घेऊन बसले आणि ए पासून झेडपर्यंत पुण्यातल्या प्रत्येक नंबराच्या डोक्यावर एकेक दोन काढत गेले. चहा दोनदा गार झाला. साताऱ्याच्या आत्याच्या नंबराला पण भरात दोन लावून टाकला, मग तो खोडला.

मोबाइल आले तेव्हा मला जोड्यांचीच सवय, त्यामुळे दहा आकडे म्हणजे पाच जोड्या, काही प्रॉब्लेमच नव्हता. फ्रान्समध्ये म्हणे नंबर दोन-दोनच्या जोड्यांतच लिहितात आणि म्हणतात. ऐकून वाटलं आपण चुकीच्या देशात जन्मलो. पण मग कळलं की त्यांच्यात अठ्ठ्याण्णव म्हणजे चार विसा अठरा. आमची पणजी आंबे मोजताना म्हणायची तसं. राहू दे, आपलं बरंय.

तसं आपलंही काही सरळ नाही म्हणा. बेचाळीस ऐकताना आधी बे येतं आणि लिहायचा असतो चार. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसच्या जोडीला वीस दोन म्हणायचं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मी पण तावातावानं बोलले होते. आता मेडिकलमधला पोरगा आठवला की वाटतं त्याचं काय चुकलं, एकोणऐंशी म्हटलं की मला पण पाव सेकंद लागतोच. पण पाव सेकंदच हं. डबल-ट्रिपलवाल्यांना मात्र माफी नाही. "ट्रिपल सेव्हन, डबल सेव्हन" म्हणणारा माणूस भेटलाय मला, सरळ पाच वेळा सात म्हण ना!

तर फोन ऐकत नाही म्हटल्यावर बाबांची ती डायरी काढली. सगळं आहे त्यात, लाल दोन, खोडलेला दोन, जी मध्ये गॅस, पी मध्ये प्लंबर. आणि शेवटच्या पानावर एक नंबर, मूळचा सहा आकडी, प्रत्येक जोडीनंतर टिंब देऊन काढलेला, खाली दोन रेघा. नाव नाही. पण निळ्या पेनानं आधी चार लावलाय आणि लाल पेनानं दोनसुद्धा. म्हणजे इतकी वर्षं तो चालू ठेवलेला नंबर आहे.

आईला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला, काढून बघितला. "गॅसवाल्याचा असेल."

"गॅसवाला जी मध्ये आहे."

"मग दुसरा कुणीतरी असेल. माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"

गोळ्या काउंटरवरच राहिल्या होत्या.