लेहरा धरणारा पियानो

तबल्याचा सोलो ऐकताना माझं लक्ष बरेचदा पेटीवाल्याकडे जातं. तबलजी कायदे, रेले, चक्रदार अशा रचनांचा सगळा संसार मांडून बसलेला असतो आणि शेजारी हा तासभर एकच लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी छोटी धून, पुन्हा पुन्हा वाजवतो. त्याला जागचं हलायची मुभा नाही. पत्रिकेत नावही बारीक टायपात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांचं ‘पियानो फेज’ ऐकायला लागल्यापासून मात्र या पेटीवाल्याबद्दलचा माझा आदर फारच वाढला आहे.

ही दोन पियानोंसाठीची रचना, १९६७ सालची. भांडवल म्हणावं तर बारा मात्रांचा एक तुकडा. डाव्या हाताला तीन स्वर, उजव्याला दोनच, आणि हात आलटून पालटून पडत राहतात. पहिल्या स्वराला सा मानलं तर सा, रे, प, ध आणि कोमल नी, ग-म सुट्टीवर. (राग शोधत बसू नये.) सेकंदाला साधारण सात स्वर अशा गतीने हा तुकडा फिरत राहतो. दोघंही तोच वाजवत असतात. मग पहिला आहे तिथेच राहतो आणि दुसरा लय किंचित, अगदी कळेल न कळेल इतकी वाढवतो. मधली काही सेकंदं नुसता गुंता, कुणाचा हात कुठे पडतोय काही उमगत नाही. आणि एकदम सगळं जागेवर बसतं: दुसरा बरोब्बर एक स्वर पुढे. तिथे थोडा मुक्काम, की पुन्हा सरकणं. असं बारा वेळा झालं की दोघं फिरून समेवर. पुढे आठ स्वरांचा भाग, मग चारांचा.

आपल्याकडे साथीदार असा सरकला तर गवई मान वळवून ज्या नजरेने बघतो, ती नजर सगळ्यांच्या ओळखीची आहे. इथे त्या सरकण्याचीच बंदिश झाली.

कल्पना आली ती यंत्रांवरून. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर जलप्रलयाची कथा सांगणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा आवाज राइश यांनी ध्वनिमुद्रित केला होता. त्याचा एकच तुकडा दोन टेपरेकॉर्डरांवर एकदम लावला, तर एक यंत्र हळूहळू पुढे जाऊ लागलं. त्यातून १९६५ची ‘इट्स गॉना रेन’ झाली. हे माणसांना जमेल का, म्हणून त्यांनी पियानोचा तुकडा टेपवर घेतला आणि स्वतः त्याच्यासोबत वाजवून बघितलं. जमलं.

पण टेपला कान नसतात. शेजारचं यंत्र पुढे गेलं तरी तिला त्याचं सोयरसुतक नाही. माणसाचे हात मात्र शेजारच्या लयीला जाऊन मिळतात, तेही नकळत. म्हणून माझ्या मते खरी परीक्षा पहिल्याचीच. दुसऱ्याला निदान कुठेतरी पोचायचं असतं. पहिल्याने कानाशी चाललेली ही सगळी ओढाताण ऐकायची आणि तरी तसूभर ढळायचं नाही.

हे दोघं नीट भांडत राहिले तर तिसरंच कुणीतरी गायला लागतं. प्रत्येक टप्प्यावर वेगळी चाल कानावर येते, जी दोघांपैकी कुणीच वाजवत नसतो. बेल्जियमच्या नृत्यदिग्दर्शिका आन तेरेसा द केर्समाकर यांनी १९८२ साली यावर नृत्य बसवलं तेव्हा हेच डोळ्यांना दाखवलं: समोर गिरक्या घेणाऱ्या दोन नर्तकी, मागच्या पडद्यावर त्यांच्या सावल्या, आणि मधोमध दोन सावल्या एकमेकींवर पडून झालेली एक तिसरी.

सगळ्यांनाच हे मानवतं असं नाही. २०१६ साली कोलोनमध्ये महान एस्फहानी नावाचे वादक हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर हीच रचना वाजवत असताना श्रोत्यांनी इतका आरडाओरडा केला की वादन मध्येच थांबवावं लागलं. पहिली दोन-तीन मिनिटं वैताग येतो हे मलाही कबूल. ‘तबकडी अडकलीय का?’ हा प्रश्न घरातून येतोच. तेवढा वेळ दम धरावा, आणि व्हिडिओ बघत असाल तर दुसऱ्याला सोडून पहिल्याच्या चेहऱ्याकडे बघावं. पेटीवाल्यांचा चेहरा अगदी तसाच असतो.