होफूमध्ये भेटलेली ह्युएन त्संग

माझदाचा कारखाना जपानमधल्या होफूला आहे. कामासाठी तिथे जायचं होतं म्हणून हे गाव पाहणं झालं, एरवी मुद्दाम वाट वाकडी करून कोण जाणार? सुट्टीच्या सकाळी आधी तेनमांगू मंदिर उरकलं. सन 904 चं, विद्येच्या देवाचं. परीक्षेतल्या यशासाठी साकडं घालणाऱ्यांच्या लाकडी पाट्यांची नुसती गर्दी. मग दाइराकुजी या देवळाची वाट धरली, कारण तिथे अभिनेत्री मासाको नात्सुमेच्या अस्थी आहेत.

मासाको तोक्योची. होफू हे तिच्या नवऱ्याचं, लेखक इजूइन शिझुकाचं गाव. 1977 च्या उन्हाळ्यात कानेबोच्या मेकअपच्या जाहिरातीत ही एकोणीस वर्षांची पोरगी झळकली: उन्हात रापलेली, समुद्रावरची, दिलखुलास हसणारी. गोरेपणाच्या क्रीमवर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना ते पोस्टर आजही चक्रावून टाकतं. रापलेला चेहरा दाखवून मेकअप विकायचा!

आणि पुढच्याच वर्षी तीच मुलगी ‘साइयुकी’ या टीव्ही मालिकेत मुंडण केलेल्या रूपात, भिक्षूच्या वेषात, घोड्यावर बसून भारताकडे निघाली. तिची भूमिका सान्झो होशीची, म्हणजे आपला शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. तोच, जो सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. मालिकेत त्याचे सोबती, माकड, डुक्कर आणि पाणराक्षस, सगळा धिंगाणा घालतात. ती जवळजवळ काहीच करत नाही. नुसती स्थिर बघते. मला वाटतं, हे ती कॅमेऱ्यासमोर नुसतं उभं राहता राहता शिकली असणार. जाहिरातीतून आलेल्या नट्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ते भाग बघावेत. नंतर 1993 मध्ये रिए मियाझावा, 2006 मध्ये एरी फुकात्सु. जपानी टीव्हीवर सान्झो बाईनेच करायचा, हा पायंडा तिच्यापासून पडला.

1982 च्या ‘ओनिमासा’ चित्रपटात मात्र ती अशी कडाडली की ‘मला हलक्यात घेऊ नका’ अशा अर्थाचा तिचा जपानच्या कोची प्रांतातल्या बोलीतला संवाद लोकांच्या तोंडी बसला. त्या कामासाठी ब्लू रिबन पुरस्कारही मिळाला.

देवळाच्या अंगणात एक आजी झाडत होत्या. माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, तर त्यांनी नाव पूर्ण होऊ दिलं नाही. झाडूनेच वरची वाट दाखवली. दगड साधा. कुणीतरी ताजी सूर्यफुलं ठेवली होती, पाणीही नुकतंच घातलेलं.

11 सप्टेंबर 1985 ला रक्ताच्या कर्करोगाने ती गेली, सत्ताविसाव्या वर्षी. घरच्यांनी 1993 मध्ये तिच्या नावाने ‘हिमावारी’ (सूर्यफूल) निधी उभा केला. उपचारांनी केस गेलेल्यांना तो विनामूल्य विग वापरायला देतो.

जायचं असेल तर शिन-यामागुचीला शिंकानसेन सोडून सान्यो लाइनची लोकल घ्या. स्टेशनबाहेर हायकूकार सान्तोकाचा पुतळा दिसेल. तो याच गावचा. मासाकोही ‘काइदो’ या नावाने हायकू लिहायची.